उजव्या बुटाचं टोक

खडकी बाजारात, रेल्वेच्या भिंतीला टेकून
माझी पेटी. सकाळी नऊ ते दिवे लागेपर्यंत.
लोकांचे चेहरे मला उशिरा कळतात,
टाचा आधी.

वृंदा गव्हाणे पहिल्यांदा आली
तेव्हा तेरा वर्षांची, भोसरीहून दोन बस बदलून,
हातात एकच बूट. उजवा.
टोकाला भोक, अंगठा डोकावेल एवढं.
डावा कुठंय, विचारलं.
"तो चांगलाय काका, त्याला काही होत नाही."

पोरी, चालताना पाय घासतेस का?
"चालताना नाही. टाकताना."
आणि तिथंच, कांद्याची हातगाडी आणि एक रिक्षा यांच्यामधून
पळून दाखवलं तिनं,
एक पाय चपलेत, एक अनवाणी.
उजवा पंजा मागून फरफटत आला,
धुळीत रेघ उठली.
मी रेघ बघितली. बाकी क्रिकेटमधलं मला
आजही फार कळत नाही.

त्या रेघेसाठी जाड चामडं शिवलं,
दुहेरी दोरा, मेण लावून. चाळीस रुपये.
सहा आठवडे टिकलं.
पुढचं पाच. मग चार.
ठिगळ जितकं लवकर फाटेल
तितकी पोरगी वेगात, असा माझा हिशेब.
वेग मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नंतर आलं.

बाप एमआयडीसीत, लेथवर.
बुटाचे खिळे रात्रपाळीत काढायचा,
उरल्यासुरल्या सळईतून,
आणि पेपरात गुंडाळून आणायचा.
एकदाच बोलला: "हिची आई म्हणते, बँकेची परीक्षा दे."
मग खिळे मोजून दिले. बारा.
एक जास्तीचा.

मग महाराष्ट्र. मग निळा शर्ट.
विसाव्या वर्षी, कुठल्याशा बेटावर दुपार
आणि आपल्याकडं मध्यरात्र,
मोबाईलवाल्या नौशादनं शटर अर्धं वर ठेवलं.
आम्ही आत वाकून शिरलो, मी आणि मालधक्क्यावरचे तीन हमाल.
पहिला चेंडू वाइड. दुसऱ्यावर चौका.
हमाल म्हणाले, झोपा आता.
पाचव्याला मधली दांडी उखडली
आणि नौशादचं स्टूल मोडलं.
कॅमेरा तिचं तोंड दाखवी, समोरचीचं दाखवी,
दांडी तर सात वेळा.
पाय एकदाही नाही.
कंपनीचे पांढरे बूट होते.
टोकाला कुणी काय लावलं होतं, कोण जाणे.

नंतर आली नाही. येण्याचं कारण नव्हतं,
फाटले की नवे मिळायचे.
मग एक दिवस पेपरात छोटी चौकट:
मणक्याला केसाएवढी चीर.
केसाएवढी म्हणजे किती?
आरीचं टोक बोटावर टेकवून बसलो.
गिऱ्हाईक उभं होतं, तेही निघून गेलं.

यंदा माघात आली. टोपी डोळ्यांवर.
बाजारात कुणी ओळखलं नाही.
मीही नाही, पेटीवर बूट ठेवेपर्यंत.
तेच जुने. दोन्ही आणले होते.
"नवे चावतात काका. नेटमध्ये हेच घालते."

हात आत घातला.
डाव्या टाचेचा खड्डा भरून आल्यासारखा, उथळ.
उजवं टोक जिथं झिजायचं तिथं नाही,
अर्धं बोट बाहेरच्या अंगाला.
पाठ सांभाळून टाकतेय.
डॉक्टरांना माहीत असेल. कोचला असेल.
तिला माहीत आहे का,
हे विचारायला माझी जीभ उचलली नाही.

"पूर्वी होतं तिथंच शिवा," ती म्हणाली.
तिथंच शिवलं.
ती उसाचा रस आणायला गेली तेव्हा
बाहेरच्या अंगाला आणखी एक तुकडा,
रंग जुळवून, टाके आत दाबून.

पाचशेची नोट दिली.
आता साठ झालेत, म्हटलं,
आणि चारशे चाळीस परत केले.
तिनं मोजून घेतले, बापासारखे.
निघाली.
रूळ ओलांडताना उजवा पाय
जरासा घासला.
चालताना.